रेझ्युमे वाचून जी शंका उरते, तिला कव्हर लेटरमध्ये उत्तर द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षं गोदामातल्या साठ्याच्या नोंदी सांभाळल्या, मग घरातल्या आजारपणामुळे १४ महिने काम थांबवावं लागलं, आणि आता तुम्ही खरेदी नियोजनाच्या जागांसाठी अर्ज करताय. एकच कव्हर लेटर २५ ठिकाणी पाठवलं, कुठूनच उत्तर नाही. पत्रात नेमकं काय लिहायचं, गॅप सांगायचा की नाही, आणि मुळात हे पत्र कोणी वाचतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेते. वाचतात का, हे जागेवर अवलंबून आहे. अर्जांचा ढीग पडणाऱ्या जागांसाठी पहिली चाळणी रेझ्युमेवरच होते आणि पुष्कळदा पत्र उघडलंच जात नाही. लहान कंपनीत, जिथे विभागप्रमुख स्वतः माणूस शोधत असतो, तिथे ते बहुतेक वेळा वाचलं जातं. पत्राचं वजन खरं पडतं ते तीन प्रसंगी: उमेदवार क्षेत्र बदलत असेल तेव्हा, मध्ये मोठा खंड असेल तेव्हा, आणि दोन उमेदवार तुल्यबळ असतील तेव्हा. तुमच्या बाबतीत यांतल्या पहिल्या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून तुम्ही पत्रावर मेहनत घ्यायलाच हवी.

आता मूळ अडचणीकडे येऊ. तुमच्या पत्राची भाषा वाईट नाही. अडचण अशी की, ते कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. बहुतेक वेळा तो आधी रेझ्युमेवर नजर फिरवतो. त्यातून त्याच्या मनात एखाद-दुसरी शंका उभी राहते, आणि ती घेऊन तो पत्राकडे वळतो. तुमचा रेझ्युमे पाहून तीन शंका येतील. एक, या बाईंनी झालेल्या व्यवहारांच्या नोंदी ठेवल्या. नियोजनात पुढचा अंदाज बांधावा लागतो, तो जमेल का? दोन, १४ महिन्यांत हात सुटला असेल का, आणि आता त्या पूर्णवेळ येऊ शकतील का? तीन, यांना हेच काम करायचंय, की मिळेल ते? तुमच्या पत्रात ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’, ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची इच्छा आहे’, ‘संधी दिल्यास सोने करीन’ ही वाक्यं आहेत. तिन्ही शंका जिथल्या तिथे राहतात.

ही वाक्यं येतात कुठून, तेही सांगते. शाळेत आपण विनंती अर्ज शिकतो. रजा द्यावी, दाखला मिळावा, शुल्कात सवलत मिळावी. समोरचा देणारा आणि आपण मागणारे, म्हणून सगळी रचना विनवणीची. नोकरीच्या पत्रात परिस्थिती वेगळी असते. तिथे त्यांचं काहीतरी काम अडलंय, ते पार पाडणारा माणूस त्यांना सापडत नाहीये, म्हणून जाहिरात दिली आहे. ते पत्रात शोधतात ते त्या कामाबद्दलचं बोलणं. आदर ठेवा, विनवणी काढून टाका. ‘कृपया मला एक संधी द्यावी’ याऐवजी ‘या कामातला हा भाग मी आधी केला आहे, तो असा’ असं लिहा.

सुरुवात जाहिरातीपासून करा. जाहिरात वाचताना विशेषणांकडे पाहू नका, कामं शोधा. समजा, तिथे लिहिलंय: मागणीचा अंदाज बांधणे, पुरवठादारांचा पाठपुरावा, किमान साठ्याची पातळी ठरवणे, एक्सेलवर चांगली पकड, ईआरपी प्रणालीचा (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) अनुभव, संघभावना, दबावाखाली काम करण्याची तयारी, उत्तम संवादकौशल्य. शेवटच्या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात. त्यांना उत्तर देण्यात शब्द घालवू नका. उरलेल्यांपैकी जे सगळ्यात आधी आलंय, किंवा वेगवेगळ्या शब्दांत दोनदा आलंय, ते त्यांचं खरं दुखणं. त्यातल्या दोन गोष्टी निवडा, फार तर तीन. सगळ्या आठांना स्पर्श करायला गेलात की प्रत्येकीला अर्धं वाक्य मिळतं आणि एकही पटत नाही.

निवड म्हणजे काय, याचं एक जुनं उदाहरण आहे. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला उद्देशून आपण काय काय करू शकतो हे सांगणारं पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही आहे. त्यात वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी वापरायची साधनं, तोफा अशा युद्धोपयोगी गोष्टी क्रमाने मांडल्या आहेत आणि चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता आली आहे. तो स्वतः कशात सर्वांत श्रेष्ठ आहे यापेक्षा समोरच्याला काय हवं आहे, यावर त्या पत्राचा क्रम ठरला. तुमच्याकडेही सांगण्यासारखं बरंच असेल. जाहिरातीने जे विचारलंय ते आधी येऊ द्या.

आता पुरावा. मला या भागावर जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक पत्रं इथेच पडतात. निवडलेल्या प्रत्येक कामासाठी चार गोष्टी कागदावर काढा: मी काय केलं, केवढ्या आवाक्यात केलं, त्याने काय बदललं, आणि कशामुळे बदललं. ‘साठ्याच्या नोंदी ठेवल्या’ हे फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याचं पुढे असं होऊ शकतं: ‘सुमारे १,८०० वस्तूंच्या नोंदी सांभाळल्या. नोंदीतला आणि प्रत्यक्ष साठा यांतला फरक ४ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आत आला, कारण वर्षातून एकदा सगळी मोजणी करण्याऐवजी रोज ७० वस्तू आळीपाळीने मोजायला सुरुवात केली.’ रोज ७० म्हणजे २६ कामाच्या दिवसांत सगळ्या १,८०० वस्तू एकदा मोजून होतात. जाणकार वाचणारा हा हिशेब मनातल्या मनात करतो, आणि तो जुळला की त्याचा तुमच्यावर विश्वास बसायला लागतो. ‘कशामुळे’ हा भाग कधीही गाळू नका. नुसता आकडा कोणीही लिहू शकतं. तो कसा आला हे ज्याने काम केलंय त्यालाच सांगता येतं.

‘माझ्याकडे आकडेच नाहीत’ असं अनेकांना वाटतं. आकडा म्हणजे पैसा किंवा टक्केवारीच असं नाही. रोज किती पावत्या, किती पुरवठादार, किती जणांना तुमचा अहवाल जायचा, महिन्याचा हिशेब किती दिवसांत बंद व्हायचा, हे सगळे आकडेच आहेत. मात्र तीन पथ्यं पाळा. अंदाजे आकडा असेल तर ‘सुमारे’ लिहा. काम चार जणांनी मिळून केलं असेल तर आपला वाटा नेमका लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ हाच येतो. आणि जुन्या कंपनीचे खरेदीचे दर, ग्राहकांची नावं, उलाढाल लिहू नका. आधीच्या ठिकाणची गुपितं पत्रात मांडणारा माणूस उद्या आमचीही बाहेर सांगेल, असंच वाचणाऱ्याला वाटणार.

वाचणाऱ्याच्या पहिल्या शंकेचं, म्हणजे ‘नोंदींपासून नियोजनापर्यंत’चं उत्तर याच पुराव्यातून निघायला हवं. ‘मला नियोजनाचा अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे’ हे वाक्य लिहू नका. त्यात नकाराचं कारण तुम्हीच हातात देता. त्याऐवजी नियोजनाच्या सर्वांत जवळचं जे काम केलंय ते पुढे आणा. नोंदी ठेवणाऱ्याला कोणती वस्तू कधी संपणार, हे सगळ्यांच्या आधी कळतं. एखादा नग रोज ४० लागतो, मागवल्यापासून यायला ९ दिवस लागतात आणि १२० नग राखीव ठेवायचे आहेत, तर ४० गुणिले ९ म्हणजे ३६०, अधिक १२०. साठा ४८० वर आला की मागणी नोंदवायला हवी. हा हिशेब तुम्ही कधी कागदावर, कधी तोंडी करत असालच. तो केला असेल तर तसं लिहा: कोणत्या वस्तूंसाठी, कोणाला कळवत होतात, त्याने खोळंबा किती टळला. केला नसेल तर आता एक्सेलमध्ये २० काल्पनिक वस्तूंचा तक्ता बनवा, १२ महिन्यांचा खप भरा, साठा किती उरला की मागणी नोंदवायची ती पातळी काढा, आणि पत्रात ‘सरावासाठी तयार केलेला तक्ता सोबत जोडला आहे’ एवढं सांगा. सराव होता हे लपवू नका. करून दाखवलेलं छोटं काम ‘मी लवकर शिकते’ या दाव्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. जाहिरातीत एखादी पदवी किंवा परवाना कायद्याने अनिवार्य असेल आणि तो तुमच्याकडे नसेल, तर कितीही चांगलं पत्र ती उणीव भरून काढत नाही. ‘असल्यास प्राधान्य’ असं लिहिलं असेल तर मात्र बिनधास्त अर्ज करा.

गॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन महिन्यांचा असेल तर बोलूच नका. १४ महिन्यांचा असेल तर एका वाक्यात सांगा, कारण तो रेझ्युमेत दिसतोच आणि तुम्ही गप्प राहिलात तर वाचणारा स्वतःचं कारण जोडतो. जागा पत्राच्या मधली, तुमचा पुरावा देऊन झाल्यानंतरची. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: थोडक्यात कारण, ती जबाबदारी आता कुठे आहे, आणि तुम्ही कामाला कशा उपलब्ध आहात. ‘कुटुंबातल्या आजारपणामुळे १४ महिने काम थांबवलं होतं, ती जबाबदारी आता पूर्ण झाली असून मी पूर्णवेळ उपलब्ध आहे.’ बस. आजाराचं नाव, उपचार, ओढाताण यांपैकी काहीही नको. क्षमा मागणं तर मुळीच नको, कारण घरच्यांची सेवा करणं हा दोष नाही. जबाबदारी अजून चालू असेल तर ती संपल्याचं लिहू नका. कोणत्या वेळा जमतील ते लिहा, नाहीतर रुजू झाल्यावर दोन्हीकडे ओढाताण होईल. आणि रेझ्युमेतल्या तारखा ताणून खंड झाकायचा विचारही करू नका. आधीच्या नोकरीच्या तारखांची पडताळणी होते, आणि तिथे सापडलेलं खोटं हातात आलेली नोकरी घालवू शकतं.

तिसरी शंका ‘इथेच का?’ ही. याला एकच वाक्य पुरतं, पण ते त्याच कंपनीला लागू पडणारं हवं. लिहिल्यावर कंपनीचं नाव बदलून वाचून पाहा. तरीही वाक्य चालत असेल तर खोडा. ‘आपली कंपनी या क्षेत्रातली अग्रगण्य आहे’ हे कुठेही चालतं. ‘तुमची उत्पादनं थोड्या दिवसांत खराब होणारी आहेत, त्यामुळे जादा साठा आणि तुटवडा दोन्ही महाग पडतात, मी हाताळलेल्या वस्तूंपैकी एक तृतीयांश मुदतीच्या होत्या’ हे कुठेही चालत नाही. यासाठी फार संशोधन लागत नाही. जाहिरात, त्यांचं संकेतस्थळ आणि उत्पादनांची यादी नीट वाचायला २० मिनिटं पुरतात.

पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी लिहा. ‘आपल्या जाहिरातीला अनुसरून मी अर्ज करीत आहे’ ही माहिती विषयाच्या ओळीत आलेलीच असते. पहिल्या वाक्यात तुमचा सर्वांत भक्कम पुरावा जाहिरातीतल्या मुख्य गरजेला जोडून द्या. त्या कंपनीतल्या कोणी तुम्हाला ही जागा सुचवली असेल तर त्यांना विचारून त्यांचं नाव पहिल्याच वाक्यात घ्या.

हे सगळं एकत्र केलं की साधारण असं दिसेल. आकडे आणि तपशील नमुन्यापुरते आहेत, तुमचे खरे घाला.

‘विषय: खरेदी नियोजन सहायक पदासाठी अर्ज

महोदय/महोदया,

साठा संपण्याआधी मागणी वेळेवर नोंदवली जावी, ही तुमच्या जाहिरातीतली पहिली अपेक्षा आहे. गेल्या नोकरीत चार वर्षं सुमारे १,८०० वस्तूंचा साठा सांभाळताना मी हेच काम नोंदींच्या बाजूने केलं.

वर्षातून एकदा होणाऱ्या मोजणीऐवजी रोज ७० वस्तूंची आळीपाळीने मोजणी सुरू केल्यावर नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांतला फरक ४ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आत आला. याच नोंदींवरून सर्वाधिक खपाच्या ६० वस्तूंसाठी मी दर सोमवारी “किती दिवस पुरेल” असा तक्ता एक्सेलमध्ये करून खरेदी विभागाला देत होते. त्यांच्या तातडीच्या मागण्या त्यामुळे आठवड्याला सुमारे ५ वरून १ वर आल्या.

कुटुंबातल्या आजारपणामुळे १४ महिने मी काम थांबवलं होतं. ती जबाबदारी आता पूर्ण झाली असून मी पूर्णवेळ उपलब्ध आहे. या काळात केलेला मागणीच्या अंदाजाचा सराव-तक्ता सोबत जोडला आहे.

तुमची उत्पादनं कमी मुदतीची आहेत. मी हाताळलेल्या वस्तूंपैकी एक तृतीयांश मुदतीच्या होत्या, त्यामुळे आधी आलेला माल आधी बाहेर काढण्याची शिस्त मला सवयीची आहे.

मी एका आठवड्याच्या आत रुजू होऊ शकते. भेटीत हा सराव-तक्ता तुमच्या एखाद्या उत्पादनाच्या आकड्यांवर चालवून दाखवायला मला आवडेल.

आपली,’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत’ असं लिहिल्याने नुकसान होत नाही, पण पुढचं पाऊलही सुचत नाही. लिओनार्दोच्या मसुद्याचा शेवटही असाच आहे: यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या उद्यानात किंवा तुम्ही सांगाल तिथे करून दाखवतो. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा, आणि एका आकड्याऐवजी पल्ला द्या. नोकरीत असाल तर नोटीस पिरियड जरूर सांगा.

बाकी तांत्रिक गोष्टी भराभर सांगते. वेगळी फाइल जोडत असाल तर एक पान, २५० ते ३५० शब्द, ११ किंवा १२ आकाराचा साधा फॉन्ट, पीडीएफ. अर्ज ईमेलने जात असेल तर पत्र ईमेलमध्येच लिहा, १५० ते २०० शब्दांत. वरचा नमुना तेवढाच आहे. ‘सोबत कव्हर लेटर जोडले आहे’ एवढीच ओळ लिहून वाचणाऱ्याला आणखी एक फाइल उघडायला लावू नका. सब्जेक्टमध्ये पद, जाहिरात क्रमांक असल्यास तो, आणि तुमचं नाव. फाइलच्या नावातही तुमचं नाव आणि पद हवं. ‘फायनल २’ नको. पोर्टलवर मजकुराची चौकट असेल तर ठळक अक्षरं आणि ठिपक्यांच्या याद्या टाळा, तिथे त्या विस्कटतात. भाषा जाहिरातीची असेल तीच. निवड करणाऱ्याचं नाव जाहिरातीत असेल तर वापरा आणि अक्षरन्‌अक्षर तपासा. पाठवण्याआधी फाइलमध्ये आधीच्या कंपनीचं नाव शोधून पाहा. दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं पत्र तिथल्या तिथे बाद होतं, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा खूप वेळा होते. मग एकदा मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

एआयकडून पत्र लिहून घ्यावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. तुमचे पुरावे देऊन ‘हे २०० शब्दांत बसव’ असं सांगितलंत तर मदत होते. नुसती जाहिरात चिकटवून पत्र मागितलंत तर गुळगुळीत, कोणाचंही असू शकेल असं पत्र येतं, आणि कधी कधी त्यात तुम्ही न केलेलं कामही घुसवलेलं असतं. प्रत्येक दावा स्वतःच्या कामाशी ताडून पाहा, कारण मुलाखतीत त्याबद्दल तुम्हालाच बोलायचं आहे.

प्रत्येक जागेसाठी नवं पत्र म्हणजे प्रचंड वेळ, असं वाटेल. एक फाइल करा आणि तिच्यात तुमचे आठ-दहा पुरावे दोन-तीन वाक्यांच्या तुकड्यांत लिहून ठेवा. याला एक पूर्ण संध्याकाळ लागेल. त्यानंतर दर वेळी पहिलं वाक्य, दोन पुरावे आणि ‘इथेच का’चं वाक्य एवढंच बदलायचं, गॅपचं वाक्य आणि शेवट तसाच राहतो. जाहिरात आणि संकेतस्थळ वाचण्यासह तासाभरात पत्र तयार होतं. एकसारख्या २५ पत्रांपेक्षा अशी सात पत्रं पाठवा. शेवटची तारीख उलटून आठ-दहा कामाचे दिवस झाले की त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळींची विचारणा करा, फक्त एकदा.

अशा सात-आठ पत्रांनंतरही कुठूनच बोलावणं आलं नाही, तर पत्र बाजूला ठेवून रेझ्युमे तपासा. तुमच्या रेझ्युमेच्या शीर्षकात अजूनही ‘स्टोअर लिपिक’ असेल, आणि ‘मागणी अंदाज’, ‘किमान साठा’, ‘पुरवठादार पाठपुरावा’ हे जाहिरातीतले शब्द त्यात कुठेच नसतील, तर पहिल्या चाळणीतच अर्ज गळतोय आणि पत्रापर्यंत कोणी पोहोचतच नाहीये. जी कामं खरोखर केली आहेत, ती रेझ्युमेतही जाहिरातीच्याच शब्दांत लिहा. मुलाखतीपर्यंत जाऊन नकार येत असतील, तर मात्र पत्र आणि रेझ्युमे दोन्ही आपलं काम करताहेत. तेव्हा तयारी मुलाखतीची करा, आणि सुरुवात त्या ‘किती दिवस पुरेल’ तक्त्यातला प्रत्येक आकडा कागद न बघता समजावून सांगण्यापासून.